रानातल्या राक्षसांचा अभ्यास: मेसोपोटेमिया घ्यावा की वेद?

प्राचीन माणसाला रानात नेमकं कशाचं भय वाटे आणि त्यापासून तो स्वतःला कसं जपे, या विषयावर प्रबंध लिहायचा असो, व्याख्यान द्यायचं असो की नुसतं मनापासून वाचायचं असो, सुरुवात कुठून करावी हा प्रश्न येतोच. माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: इराकच्या मातीतला मेसोपोटेमिया आणि आपले वेद. ग्रीकांचा पॅन देवही खुणावतो. ओसाड रानात माणसाला अकारण धडकी भरवणारा हा देव, ‘पॅनिक’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. पण त्याला दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

आधी भयाचा ठावठिकाणा पाहू. मेसोपोटेमियात कालव्याचं पाणी जिथे संपे, तिथून ‘एदिन’ सुरू होई. हा सुमेरी शब्द, अर्थ उघडा माळ. पिशाचांचा वावर तिथे आणि त्यापलीकडच्या डोंगरांत. संकट बाहेरून येतं, वाटेने येतं, दारातून आत शिरतं, असा त्यांचा सगळा हिशेब. दूरच्या देवदारवनाचा राखणदार हुंबाबा मात्र वेगळा. त्याला एन्लिल देवानेच नेमलेलं होतं. सिप्परला सापडलेला त्याचा मातीचा मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अख्खा चेहरा आतड्याच्या वेटोळ्यांचा. मागे लिहिलंय की बळीच्या जनावराची आतडी अशी दिसली तर तो शकुन काय समजावा. गिल्गमेशच्या महाकाव्यात राजा गिल्गमेश आणि त्याचा मित्र एन्किदू या हुंबाबाला मारतात. इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयाने २०११ साली घेतलेल्या इष्टिकेत, म्हणजे मातीच्या लेखपाटीत, या प्रसंगाच्या नव्या ओळी मिळाल्या, २०१४ मध्ये त्या छापून आल्या. त्यांत वनात पक्षी, रातकिडे, माकडं यांचा कल्लोळ आहे, आणि आपण वनाचं ओसाड रान करून टाकलं ही एन्किदूची खंतही. राक्षस मारल्यावर मारणाऱ्याला असं वाईट वाटावं, हे मला या साऱ्या साहित्यातलं सर्वांत जिवंत ठिकाण वाटतं.

वेदांत रान स्वतः राक्षस नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १४६वं सूक्त अरण्यानीचं, म्हणजे रानदेवीचं. फक्त ६ ऋचा. संध्याकाळ झाली आहे, माणूस रानात अडकला आहे. कुठे गुरं चरताहेत असं वाटतं, कुठे घर दिसल्याचा भास होतो, गाडी करकरते, कुणी गाईला हाक मारतंय, कुणी लाकूड तोडतंय, मग कुणीतरी ओरडलंच असं वाटतं. आणि त्यानंतर सूक्त सांगतं की अरण्यानी कुणाला मारत नाही, दुसरंच कुणी चालून आलं नाही तर. ज्याने रात्री रानातल्या वाटेवर कान टवकारले आहेत, त्याला यातला शब्द न् शब्द पटेल.

ते ‘दुसरं कुणी’ म्हणजे रक्षस (राक्षस) आणि यातू, म्हणजे जादूटोणा करणारे. सातव्या मंडलातल्या १०४व्या सूक्तात ते घुबडाच्या, कुत्र्याच्या, लांडग्याच्या, गिधाडाच्या रूपाने येतात, आणि इंद्राला विनवणी आहे की दगडी पाट्याखाली चिरडावं तसं त्यांना चिरड. अथर्ववेदाच्या ८.६ या सूक्तात तर गर्भिणीला छळणाऱ्यांची पावलं मागे आणि टाचा पुढे आहेत. उलट्या पायांचं भूत आजीच्या गोष्टींत ऐकलेल्या माणसाला इथे थबकायलाच होतं.

गर्भिणीवर घाला घालणारी मेसोपोटेमियाची राक्षसीण म्हणजे लमाश्तू. सिंहाचं डोकं, हातात साप, अंगाला लुचणारे कुत्रा आणि डुक्कर. पण तिला नुसतं हाकलत नसत. कंगवा, चाती, तेल अशी शिदोरी देऊन तिला डोंगराकडे रवाना करत. मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडणाऱ्या आपल्या गावांना ही रीत परकी वाटायची नाही. शिवाय तिच्यावर दुसरा राक्षसच सोडत: पाझूझू, डोंगरातून सुटणाऱ्या दुष्ट वाऱ्यांचा राजा. त्याचं मुंडकं गळ्यात ताईत म्हणून घालत.

दाराशी आणखी बंदोबस्त असे. निनेव्हेला अश्शूरचा राजा अशुरबनिपाल याच्या राजवाड्यात मातीचे ५ कुत्रे सापडले, तळहातावर मावतील एवढे. प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव. एकाचं ‘विचार नको, चाव!’, दुसऱ्याचं ‘भुंकणं त्याचं जबर’, तिसऱ्याचं ‘दुष्टांना बाहेर काढणारा’. नाव दिलं की कुत्रा कामाला लागला, अशी श्रद्धा.

वेदांचा बंदोबस्त असा हातात घेता येत नाही. तिथे पहारा अग्नीचा, मंत्राचा आणि वनस्पतीचा. यज्ञात अग्नीच्या तीन बाजूंना परिधी म्हणून काठ्या ठेवतात, पूर्वेला ठेवत नाहीत. का, तर उगवता सूर्यच त्या बाजूच्या राक्षसांना हाणतो, असं तैत्तिरीय संहिता सांगते. अथर्ववेदात अपामार्गाला साकडं आहे की भुकेचं मरण, तहानेचं मरण, निपुत्रिकपण, सगळं पुसून टाक. राजाच्या अभिषेकाच्या राजसूय यज्ञात राक्षस हटवायला याच अपामार्गाचा होम होई. अपामार्ग म्हणजे आपला आघाडा, गणपतीच्या पत्रीतला. वाटेने जाताना धोतराला चिकटतो तोच.

आता निवड. व्याख्यान असेल, समोर शाळेतली मुलं असतील, चित्रं दाखवायची असतील, तर मेसोपोटेमिया घ्या. वस्तू बोलतात, काळ बराचसा पक्का सांगता येतो. अडचण अशी की मुळापर्यंत जायला अक्कादी भाषा आणि मातीवर खिळ्यासारख्या खुणांनी लिहिलेली कीललिपी शिकावी लागते, नाहीतर कायम इंग्रजी भाषांतराच्या ओसरीवरच बसावं लागतं. प्रबंध करायचा असेल आणि शाळेत संस्कृत झालं असेल, तर मी बेलाशक वेद सुचवेन. इथे मूर्ती नाहीत, उत्खननातला पुरावा नाही, काळ ठरवताना पंडितांत वाद आहेत. हे त्रास खरे आहेत. पण शब्द मूळचे मिळतात, आणि त्यांतल्या काही गोष्टी अजून अंगणात उगवतात.

वेद घेतलेत तर १०४व्या सूक्तापासून सुरुवात करू नका, त्यातल्या शिव्याशापांनी दमायला होतं. अरण्यानीच्या ६ ऋचा आधी, त्याही दिवेलागणीला, मोठ्याने. मेसोपोटेमिया घेतलात तर त्या ५ कुत्र्यांची नावं पाठ करून पुढे जा.