बोन्साय कुठे ठेवाल: काचेआडची खिडकी, ग्रील की ग्रो लाइट?

फ्लॅटमध्ये बोन्साय आणायचं ठरवलं की झाड कोणतं घ्यावं यावर बरीच चर्चा होते. त्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे ते झाड घरात नेमकं कुठे राहणार आणि तिथे उजेड किती पडतो. माझा कौल आधीच सांगतो: ग्रील किंवा बाल्कनी असेल तर तीच पहिली पसंती, ती नसेल तर ग्रो लाइट म्हणजे झाडं वाढवण्यासाठी लावायचा दिवा, आणि नुसती काचेआडची खिडकी सगळ्यात शेवटी. टीपॉय आणि टीव्हीशेजारचं कपाट मी यादीतच घेत नाही.

उजेडाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स उजेड असतो, मोकळ्या सावलीत १० ते २० हजार, आणि हॉलमध्ये खिडकीपासून सहा-सात फुटांवर जेमतेम २०० ते ३००. आपल्याला तिन्ही ठिकाणी पेपर आरामात वाचता येतो, म्हणून ‘आमच्याकडे भरपूर उजेड आहे’ असं वाटतं. फोनवर लक्स मोजणारं ॲप घ्या आणि झाड ठेवणार तिथेच, पानांच्या उंचीवर फोन धरा. आकडा अचूक नसला तरी दोन जागांमधला फरक त्यात लगेच कळतो.

एका क्षणाच्या उजेडापेक्षा दिवसभराचा हिशोब महत्त्वाचा. लक्स गुणिले तास असं ढोबळ गणित मांडलं, तर हॉलच्या कोपऱ्यात बारा तासांत अडीच ते साडेतीन हजार जमतात. पूर्वेच्या खिडकीत काचेच्या आत, दोन-तीन तास कोवळं ऊन आलं, तर ८०-९० हजार. त्याच खिडकीच्या बाहेर ग्रीलमध्ये दीड-दोन लाखांच्या पुढे. कोपऱ्यातला आकडा पाहिला की तिथली झाडं का झुरतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

काचेआडच्या खिडकीत सगळं दिशेवर ठरतं. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं दक्षिणेची खिडकी उत्तम म्हणतात, आणि तिथल्या सूर्यासाठी ते बरोबरच आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. तेवढे दिवस दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही, आणि त्यातच वर पावसाळी मळभ. उलट डिसेंबरात तिथेच ऊन खोलीत लांबवर शिरतं. म्हणजे दक्षिणेची खिडकी हिवाळ्यापुरती छान. वर्षभराचा भरवसा पूर्वेचा: सकाळचं ऊन बाराही महिने येतं आणि भाजत नाही. पश्चिमेला उजेड पुरतो, पण एप्रिल-मेमध्ये बोन्सायचा उथळ ट्रे तापतो आणि मुळांना चटका बसतो. तिथे हिरवी शेडनेट लागेल. उत्तरेच्या खिडकीत, आणि समोर दुसरी इमारत चिकटून उभी असेल तर कुठल्याही खिडकीत, दिव्याशिवाय बोन्साय ठेवू नये. मच्छरदाणीची जाळी, काचेवरची काळी फिल्म आणि धूळ यांतही बराच उजेड अडतो, म्हणून मोजणी जाळी लावूनच करा.

ग्रील आणि बाल्कनीची गोष्टच वेगळी. उघडं आकाश दिसतं, वारा लागतो, पेरं आखूड राहतात, पानं लहान येतात. बोन्सायचं सौंदर्य याच दोन गोष्टींवर उभं असतं. नुसतं जिवंत राहणं आणि बोन्साय म्हणून घडत जाणं यात मोठं अंतर आहे: आपण शेंडे खुडतो, फांद्या छाटतो, आणि प्रत्येक छाटणीनंतर नवी फूट काढायला झाडाला जोर लागतो. तो उजेडातूनच येतो. जपानमध्येही बोन्साय वाढतं उघड्यावर. घरातल्या तोकोनोमात, म्हणजे शोभेच्या वस्तू मांडायच्या कोनाड्यात, ते थोड्या दिवसांपुरतं मांडतात आणि परत बाहेर नेतात. आपणही तेच करावं. सणासुदीला, पाहुणे येणार असतील तेव्हा दोन-तीन दिवस आत आणावं आणि पुन्हा जागेवर ठेवावं.

ग्रीलचे तोटेही खरे आहेत. उन्हाळ्यात उथळ ट्रेला दिवसातून दोनदा पाणी लागतं, ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं, आणि वरच्या मजल्यावरून कुंडी पडणं जीवघेणं ठरू शकतं. ट्रे तारेने ग्रीलला बांधलाच पाहिजे. काही सोसायट्या कुंड्या ठेवूच देत नाहीत. आधी विचारून घ्या. आत वाढलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर पानं करपतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बाहेर न्या.

ग्रो लाइटला मी मनापासून दुसरा क्रमांक देतो. चांगला ३० वॉटचा पांढरा एलईडी पानांपासून फूटभर अंतरावर असला तर १० हजार लक्सच्या आसपास उजेड देतो. चौदा तासांत १ लाख ४० हजार झाले, आणि तेही पावसाळ्यात न चुकता. वीज दिवसाला ०.४२ युनिट, महिन्याला साधारण साडेबारा. युनिट १० रुपये धरलं तर सव्वाशे रुपये. जांभळा प्रकाश लागत नाही, पांढरा पुरतो, शिवाय त्यात झाडाचा खरा रंग दिसतो. खोक्यावर ‘१००० वॉट’ छापलेलं असलं तरी प्रत्यक्ष वीज किती घेतो तेच बघा. अंतर मात्र सांभाळा: दिवा एक फुटावरून दोन फुटांवर नेला की उजेड जवळजवळ चौथा हिस्सा उरतो. छताची ट्यूबलाइट झाडाच्या कामाची नाही, ती याच कारणाने. टायमरचं सॉकेट लावा आणि रात्री आठ-दहा तास अंधार राहू द्या.

पूर्वेची खिडकी असलेल्यांनी दिवा फक्त जून ते सप्टेंबर वापरला तरी बराच फरक पडतो.

झाडांपैकी आत सगळ्यात चिवट फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या गणातलं झाड. जागा बदलली की तो पानं गाळतो, घाबरू नका. जेडला ऊन जास्त लागतं. खिडकी उजेडाची नसेल तर फांद्या लांबट, लुळ्या होतात. बोगनवेल आणि चिंच बाहेरचीच. जुनिपर हे सूचिपर्णी झाड घरात ठेवायला कोणी विकत असेल तर घेऊ नका. ते आत मरतं, पण मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे दोष उशिरा कळतो.

कमी उजेडातलं झाड पाणीही कमी पितं, त्यामुळे रोजच्या सवयीने पाणी घातलं की मुळं कुजतात आणि सगळे पाण्याला दोष देतात. पानं पिवळी पडून गळू लागली, पेरं लांबली, झाड एका बाजूला कललं, तर झारी खाली ठेवा आणि आधी लक्स मोजा. पानांपाशी दिवसभर दोन हजारांच्याही आत आकडा असेल, तर जागा बदला किंवा दिवा आणा. ऑफिसच्या टेबलासाठी घेणार असाल आणि तिथे खिडकी नसेल, दिवाही लावता येत नसेल, तर बोन्साय घेऊ नका. मनी प्लांट त्या उजेडात बरा तग धरतो.