मुंबई–न्यू यॉर्क: थेट जावं, दुबईवरून की लंडनवरून?

तिकीट काढताना पहिली शंका अंतराची येते. मध्ये उतरलो तर वळसा पडेल का? पडतो, पण नावापुरता. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५०. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला हा फरक फार तर अर्ध्या तासाचा. भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची रेषा उत्तरेकडून, आइसलंडच्या आसपासून जाते, त्यामुळे लंडन जवळजवळ वाटेवरच पडतं. शिवाय ही रेषा विमानाला धरता येईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसा थेट विमानाच्याच वाट्याला आला.

वेळ खरा जातो तो थांब्यात. थेट विमान सोळा तासांच्या आसपास घेतं. दुबईमार्गे हवेतलेच सतरा-साडेसतरा तास होतात, त्यात दोन-चार तासांचा थांबा धरा. लंडनमार्गेही तेवढंच. स्वस्त तिकिटात मात्र थांबा आठ-दहा तासांचाही निघतो, म्हणून भाड्याआधी तो आकडा बघा. तिकिटावरच्या वेळांवरून हिशेब करू नका, त्या दोन्हीकडच्या स्थानिक असतात. हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. रात्री एकला निघून सकाळी सातला उतरलात, तर प्रवास सहा नव्हे, साडेसोळा तासांचा झाला. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा.

नातवंडाच्या ओढीने पहिल्यांदाच निघालेल्या आई-बाबांसाठी मी थेट विमानच घेईन, भाडं जास्त असलं तरी. अनोळखी विमानतळावर गेट शोधत धावाधाव नको, पुन्हा सुरक्षा तपासणी नको, सामान चुकण्याची धास्ती कमी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा. पण गुडघे आखडत असतील आणि सलग सोळा तास बसवणार नसेल, तर मध्ये तीन तास पाय मोकळे करणं बरं.

एकट्याने जाणाऱ्या तरुणांनी अबू धाबीचाही विचार करावा. तिथून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, पलीकडे देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. त्यासाठी थांबा मात्र ऐसपैस हवा.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायचा मोह होतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर नवं तिकीट आपल्याच खिशातून. लंडनला उतरून सामान घ्यायचं झालं, तर ब्रिटनच्या व्हिसाचा प्रश्नही उभा राहतो.

परतीचा हिशेब वेगळा करा. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे थेट विमान बहुधा चौदा-पंधरा तासांत मुंबई गाठतं.