हाड न उकरता बसवलेली दाढ, आठ महिने भाकरी खाऊन झाल्यावर

वरची डावी दाढ काढून सहा वर्षं झाली होती, अन् काढताना त्या डॉक्टरनं एवढं पण सांगितलं नाही की दाढ गेली की तिथलं हाड झिजतं आणि वरचा सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, खाली सरकतो. त्याचा राग मला अजून आहे, कारण सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढला तर हाड उरलं होतं फक्त ६ मिलिमीटर.

लातुरात एका ठिकाणी म्हणले नवी दाढ बसवायला बाजूनं हाडात खिडकी पाडून सायनस उचलावा लागंल. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच स्कॅन बघून सांगितलं की एवढं हाड असलं तर खालूनच होतं, ड्रिलनं हाड उकरून बाहेर फेकायचं नाही, ऑस्टिओटोमनं, म्हणजे हातोडीनं ठोकायच्या बारीक दांडीनं, दाबत दाबत बाजूला सारायचं, म्हणजे तेच हाड इम्प्लांटभोवती, म्हणजे दाढेच्या मुळाच्या जागी बसवायच्या स्क्रूभोवती, घट्ट बसतं आणि सायनसचा तळ पण थोडा वर उचलला जातो. समर्स नावाच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही. हाड फारच कमी असतं तर खिडकीच बरी, हे पण त्यांनीच सांगितलं, म्हणून विश्वास बसला.

भुलीमुळं दुखलं नाही पण हातोडीचे ठोके पार कवटीत वाजतात. आधी बद्द आवाज, मग एकदम टणक, डॉक्टर थांबले, म्हणले तळ आला. वरचा सायनसचा पडदा जेमतेम मिलिमीटरभर, फाटू नये म्हणून पुढचे ठोके एकदम हळू.

दुसऱ्या दिवशी कुशीवर वळलो की खोली गरगर फिरायची, लै घाबरलो. ठोक्यांनी कानातले बारीक कण हलतात म्हणे. डॉक्टरांनी डोकं ठराविक दिशेनं वळवून घेतलं, दोन दिवसात थांबलं, पण हे आधी सांगायला पाहिजे होतं. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. हरभऱ्याच्या राशीचे दिवस, सगळीकडं भुसा, मी शेताकडं फिरकलोच नाही.

पाच महिन्यांनी कॅप बसली. आता कडक ज्वारीची भाकरी अन् भाजलेले शेंगदाणे त्याच बाजूनं खायलोय. फटीत मात्र अडकतं, रोज बारीक ब्रश फिरवावा लागतो. मागच्या आठवड्यातल्या एक्सरेत हाड जागेवर आहे.

बायकोची पण दाढ काढायचीय. मुळं वेगवेगळी कापून एकेक काढा, भोवतीचं हाड फोडू नका, असं डॉक्टरांना आधीच सांगून आलोय.