आधी प्रश्न, मग स्क्रू ड्रायव्हर: गोलाणी मार्केट, जळगावमधलं संगणक दुरुस्तीचं दुकान

दुरुस्ती उत्तम झाली, पाच तारे त्यासाठी आहेतच. पण हे लिहायला बसले ते दुसऱ्या कारणासाठी. या दुकानात संगणक उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतात, "तुमचं काम नेमकं कुठे साठवलेलं आहे?" उत्तर आलं नाही, तर ते शोधायचं कसं हे दाखवतात आणि मगच हात लावतात.

आमचं चोपडा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बिलं, स्टॉक, उधारी सगळं टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये, आणि ते मी बघते. जूनच्या तोंडावर कापसाच्या बियाण्याला काउंटरवर झुंबड असते. नेमका तेव्हाच संगणक एकेका बिलाला रडवायला लागला. जवळच एका ठिकाणी नेला, तर "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होईल" एवढंच उत्तर. आत काय आहे, कुठे आहे, चौकशीच नाही. संगणक तसाच उचलला, गाडीत ठेवला आणि तापीचा पूल ओलांडून जळगाव गाठलं.

इथल्या भाऊंचा पहिला प्रश्न, "ताई, टॅलीचा डेटा कोणत्या ड्राइव्हला आहे?" मग टॅली उघडून, कंपनी निवडायच्या ठिकाणी डेटाचा पाथ कसा दिसतो ते माझ्याच हाताने करून घेतलं. डेटा सी ड्राइव्हलाच होता, विंडोजच्या शेजारी. नुसतं फॉरमॅट मारलं असतं तर गावोगावची उधारी त्यासोबत पुसली गेली असती.

डेटाची वेगळी प्रत काढून झाल्यावर त्यांनी एक छोटा प्रोग्राम चालवून हार्ड डिस्कची तब्येत दाखवली. पिवळ्या रंगात 'कॉशन', म्हणजे सावधान, असं लिहून आलं. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथलं काम राखीव जागेवर हलवते. अशा जागा वाढत चालल्या की तिचा भरवसा धरायचा नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. आमची डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची. तिच्या जागी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर. जुन्या डिस्कवरचं सारं जसंच्या तसं क्लोन करून दिलं, त्यामुळे टॅली, प्रिंटर, मराठी फॉन्ट जागच्या जागी राहिले. रॅम ४ जीबीची ८ केली. बिल आता बटण दाबताच निघतं.

जुनी डिस्क न मागता परत दिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिच्यावर आमच्या शेतकऱ्यांचे फोन नंबर आणि उधाऱ्या आहेत. ती कोणाच्या तरी भंगारात जायला नको.

माझं काम चालू असताना यावलकडचे एक आबा पेनड्राइव्ह घेऊन आले. केळीच्या व्यवहाराचा वर्षभराचा हिशेब त्यांनी 'कॉपी' करून ठेवला होता आणि घरचा बंद पडलेला संगणकही सोबत आणला होता. पेनड्राइव्हवर होता फक्त डेस्कटॉपवरचा शॉर्टकट. भाऊंनी राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, साइज दोनेक केबी. "आबा, एवढ्याशात वर्षाचा हिशेब मावंल का?" चिन्हाच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाखवला: हा असेल तर ती फाइल नाही, फाइलकडे जायची वाट आहे. मग त्यांच्या बंद संगणकाची डिस्क काढून दुसऱ्याला जोडली आणि खरी फाइल आबांकडूनच शोधून घेतली. मागे माणसं खोळंबली होती, तरी घाई केली नाही.

माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्याला खताचं रसायनशास्त्र यावं, अशी माझी अपेक्षा नसते. पण १०:२६:२६ च्या ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश आहे, एवढं त्याला वाचता आलंच पाहिजे. नाहीतर कोणीही त्याच्या गळ्यात काहीही मारेल. संगणकाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. प्रोसेसर कसा चालतो हे मला नाही कळलं तरी चालेल. पण माझी फाइल कुठे आहे, तिची दुसरी प्रत कुठे आहे, पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहेत आणि विंडोज कोणतं आहे, हे मलाच माहीत हवं. हे मेकॅनिकच्या भरवशावर सोडायचं नाही, तो कितीही चांगला असो.

विंडोजवरून एक तक्रार मात्र आहे. आमच्याकडे विंडोज १०, त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या नियमात तो बसत नाही. "जुगाड करून टाकता येतं, पण दुकानाच्या हिशेबाला मी देणार नाही. बँकेचं काम यावर करू नका," असं भाऊ म्हणाले. सल्ला सरळ होता, पण मी विचारल्यावर मिळाला, तोही एसएसडी बसवून झाल्यावर. खर्च ठरवायच्या आधीच हे सांगायला हवं होतं. एसएसडी उद्या दुसऱ्या संगणकातही बसेल, म्हणून माझे पैसे वाया गेले नाहीत. पण प्रत्येकाच्या बाबतीत तसं असेलच असं नाही.

बसायला जागा नाही, उन्हाळ्यात गाळा तापतो आणि दुपारी फोन उचलत नाहीत. शक्यतो सकाळी दुकान उघडताच जा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, तिथे उभं राहून स्वतः टाका, ते थांबतात. एसएसडीचा सिरियल नंबर आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या, सांगितल्याशिवाय लिहीत नाहीत.