डीपीपीएच फ्रिजमधून काढून देणारं सांगलीतलं दुकान

विश्रामबागमधल्या छोट्या केमिकल-ग्लासवेअरच्या दुकानाबद्दल लिहितेय, कारण इथं कुणी जात नाही आणि सगळे पुण्याहून मागवतात.

माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट द्राक्षाच्या पानांतल्या फ्लेवोनॉइडवर (वनस्पतीतल्या अँटिऑक्सिडंट रसायनांवर) आहे. तासगावला आमचीच बाग, एप्रिलच्या खरड छाटणीला पानांचा ढीग पडतो, त्यातलीच आणली, आधी नीट धुतली कारण बागेवर फवारलेल्या बोर्डो या बुरशीनाशकातलं तांबं फ्लेवोनॉइडला धरून बसतं, मग सावलीत वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढला. फ्लेवोनॉइड ओळखायच्या शिनोडा टेस्टला मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक टाकल्यावर मस्त लालसर गुलाबी रंग आला, तिथपर्यंत सगळं छान.

घोडं अडलं डीपीपीएचला, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकद मोजायच्या जांभळ्या रसायनाला, जे थंड ठेवावं लागतं. ऑनलाइन एका ठिकाणाहून मागवलेलं, मे महिन्याच्या उन्हात साध्या पाकिटात आलं, आइसपॅक वगैरे काही नाही. 0.1 मिलीमोलर द्रावणाची 517 नॅनोमीटरला रीडिंग (द्रावण किती प्रकाश शोषतं ते) 1 च्या पुढं यायला पाहिजे, माझी 0.6 वर अडकलेली आणि मी आठवडाभर मशीनच तपासत बसले, खूप रडू आलं खरंच.

मग या दुकानात गेले. काकांनी आधी विचारलं, "ताई, कशासाठी लागतंय?" आणि सांगितल्यावर फ्रिजमधून बाटली काढली, एक्सपायरी दाखवली, थर्माकोलच्या डब्यात बर्फाचं पॅक घालून दिली. त्याच संध्याकाळी 100 मिली मिथेनॉलमध्ये जेमतेम 4 मिलिग्रॅम विरघळवलं तर गर्द जांभळं, रीडिंग 1.1! माझं फ्रॅक्शन (अर्कातून वेगळा केलेला भाग) घालून अर्धा तास अंधारात ठेवलं आणि जांभळ्याचं पिवळं झालेलं, म्हणजे अँटिऑक्सिडंट काम करतंय हे बघितलं तेव्हा आईला फोन केला.

अर्कातले घटक वेगळे करायच्या कॉलमसाठी सिलिका घेताना पण त्यांनी मेश (दाण्यांचा आकार) विचारला. साध्या कॉलमला 60-120 ने काम होतं, बारीक घेतली तर थेंब पडायची वाट बघत रात्र जाते. द्राक्षाच्या पानात क्वेरसेटिन ग्लुकुरोनाइड जास्त, ते ॲसिड असल्यानं टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ प्लेटवर घटक वेगळे करून बघतात ती टेस्ट) गोल ठिपक्याऐवजी शेपटी ओढतं, त्यासाठी सॉल्व्हंटमध्ये थोडं फॉर्मिक ॲसिड घालायचं, ते त्यांच्याकडं छोट्या बाटलीत मिळालं हे फार बरं झालं.

कमी म्हणाल तर सिलिका 500 ग्रॅमच्या खाली देत नाहीत, दोघीतिघींनी मिळून घ्या. आणि टीएलसी प्लेटा तिथंच उघडून बघा, माझ्या दोन प्लेटांच्या कडा उडालेल्या होत्या, काकांनी लगेच बदलून दिल्या.