विजयदुर्गजवळच्या सड्यावरील आकाशदर्शन : कार्यक्रम चांगला, जाहिरात फसवी

देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या थोडे अलीकडे, कातळसड्यावरील, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरील, एका घरगुती निवासात दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत अमावास्येच्या आसपास आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला जातो. जेवणासह माणशी 700 रुपये घेतले जातात. मार्चच्या सुरुवातीच्या रात्रीचा विषय होता ‘55 कॅन्क्री ई’, म्हणजे सूर्यासारख्याच एका ताऱ्याला अगदी लगटून फिरणारा तप्त, खडकाळ ग्रह. जाहिरातीत ‘लाव्हाचा ग्रह प्रत्यक्ष पाहा’ असे छापले आहे आणि ते सरळसरळ चुकीचे आहे, कारण हा ग्रह स्वतंत्र ठिपका म्हणून आजवर कोणत्याही दुर्बिणीने टिपलेला नाही. दिसतो तो त्याचा तारा. मार्गदर्शकाने मात्र पहिल्या पाच मिनिटांतच हे स्पष्ट सांगून टाकले, म्हणून जाहिरातीचा राग त्याच्यावर काढण्याचे कारण नाही.

तारा दाखवण्याची पद्धत उत्तम होती. आधी पुष्य नक्षत्र, मग कर्क राशीतला तारकागुच्छ, तिथून उत्तरेला आयोटा कॅन्क्री ही पिवळसर आणि निळसर ताऱ्यांची सुरेख जोडी आणि तिच्या पूर्वेला दीडएक अंशावर या ग्रहाचा तारा 55 कॅन्क्री, अशा क्रमाने त्याने सर्वांना साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलर) नेले. तो सहाव्या प्रतीच्या आसपासचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारा तारा आहे. समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत आणि क्षितिजावरच्या मासेमारी बोटींच्या दिव्यांमुळे तो डोळ्यांनी कोणालाच सापडला नाही. पण साडेदहाच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येत असल्याने द्विनेत्रीत काहीच अडचण आली नाही. तो आपल्यापासून 41 प्रकाशवर्षे दूर आहे.

कार्यक्रमाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते त्यानंतरच्या प्रात्यक्षिकात. आठ सेंटीमीटर व्यासाचा गोल दुधी दिवा म्हणजे तारा आणि बारीक तारेच्या टोकाला डिंकाने चिकटवलेला मोहरीचा दाणा म्हणजे ग्रह, एवढेच साहित्य. हा ग्रह पृथ्वीच्या जवळपास दुप्पट रुंद आणि आठपट वजनदार असूनही ताऱ्यापुढे केवढासा ठरतो, हे त्या दाण्याकडे पाहताच कळते. आणि दाणा दिव्याच्या मध्यापासून अवघ्या चौदा सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभरही दूर नाही, असा धरल्यावर ‘जवळून फिरतो’ म्हणजे नेमके काय तेही ध्यानात येते. याच मापाने आपला बुध साडेतीन मीटरवर, थेट ओटीच्या पायरीपाशी गेला असता. एवढ्या जवळून फिरणाऱ्या या ग्रहाचे वर्ष पावणेअठरा तासांहूनही किंचित लहान आहे. दाणा दिव्यासमोरून सरकवताना मार्गदर्शकाने प्रकाश कमी झाल्याचे कोणाला जाणवले का, असे विचारले. अर्थातच कोणाला जाणवले नाही. ताऱ्याचा प्रकाश तीन हजारांत साधारण एका भागाने उणावतो आणि तेवढी घट 2011 मध्ये कॅनडाच्या ‘मोस्ट’ उपग्रहाने व स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने पकडली, हे त्याने त्यानंतर सांगितले. ग्रह 2004 मध्येच ताऱ्याच्या सूक्ष्म हेलकाव्यांवरून सापडला होता, पण त्याची प्रदक्षिणा 2.8 दिवसांची समजली गेली होती; 2010 मध्ये डॉसन आणि फॅब्रिकी या खगोलशास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासून खरा काळ दिवसाहून कमी असल्याचे दाखवले आणि त्यामुळेच अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचे ताऱ्यासमोरून सरकणे, शोधण्याचा मार्ग मोकळा झाला. हा सगळा भाग ऐकताना मुलेसुद्धा जागची हलली नाहीत.

तापमानाचे निवेदनही चांगले होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पिट्झरच्या नोंदींनुसार ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे 2400 अंश सेल्सिअस आणि रात्रीच्या बाजूचे सुमारे 1100 अंश निघाले. आम्ही बसलो होतो तो जांभा ज्या काळ्या बेसाल्टपासून झिजून तयार झाला, तो साधारण 1200 अंशांना वितळतो, हे सांगून त्याने प्रेक्षकांना हाताने सडा चाचपायला लावला. अशी जोड शहरातल्या वातानुकूलित तारांगणात मिळत नाही.

यानंतर मात्र गाडी घसरली. अर्धा तास ‘हिऱ्यांचा ग्रह’ या कल्पनेत गेला. खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ग्रहाच्या अंतरंगात कार्बन विपुल असण्याची शक्यता मांडली होती हे खरे. पण ती ताऱ्यातील कार्बनच्या ज्या प्रमाणावर आधारली होती, ते प्रमाण पुढच्याच वर्षीच्या मोजणीत कमी निघाले आणि कल्पनेचा आधार बराच ढिला झाला. ते न सांगता हिऱ्यांच्या किमतीवर विनोद करत राहणे या कार्यक्रमाला शोभत नाही. त्याहून खटकले ते 2024 मधील जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांचा उल्लेखही नसणे. दिवसाची बाजू अपेक्षेपेक्षा बरीच थंड, म्हणजे 1500 अंशांच्या थोडी वर आढळली आणि वितळलेल्या खडकातून सतत निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचे वातावरण तिथे असावे, असा निष्कर्ष रेन्यू हू यांच्या गटाने काढला. खडकाळ परग्रहावर वातावरण असल्याची इतकी ठळक खूण मिळणे ही या ग्रहाची आजची खरी बातमी आहे.

दुसरी चूक स्थानिक अभिमानातून झाली असावी. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या ग्रहाला ‘यान्सेन’ हे नाव दिले. ते दुर्बिणीच्या शोधाशी जोडल्या जाणाऱ्या डच चष्मेकार झकारियास यान्सेन याच्यावरून आहे. मार्गदर्शकाने त्याचा संबंध 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाशी आणि किल्ल्यातील ‘साहेबाच्या ओट्यां’शी लावला. त्या ग्रहणाचे निरीक्षण करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन वेगळा आणि तो होताही गुंटूरला. या ओट्यांवरून ग्रहण पाहून हेलियम शोधल्याची कथा ज्याच्याबद्दल सांगतात, तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर तर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गला मिरवण्यासारखे इतके काही आहे की त्याला उसन्या कथेची गरज नाही.

जेवण साधे आणि चोख: घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी. आठ इंची दुर्बिणीच्या आरशावर अकरानंतर दव धरले आणि ते वाळवण्याची सोय नव्हती, तेव्हा नंतर येणाऱ्यांनी दुर्बिणीसाठी आधी रांग धरावी. लहान मुलांसाठी जाड सतरंजी न्यावी, कारण सडा रात्री बोचतो. कर्क रास एप्रिलअखेरपर्यंत संध्याकाळी सोयीची असते, पण आंब्याच्या हंगामात खोल्यांचे दर वाढतात, म्हणून मार्चमधील अमावास्येची तारीख आधी फोन करून ठरवावी.