'ओरिजिनल जर्मन चॅसिस'च्या नावाखाली आम्हाला कसं फसवलं, रायफलवाल्या मुलांच्या आई-बाबांनी नक्की वाचा

मागच्या आठवड्यात भोपाळच्या एका ओळखीच्या बाईंनी मला फोटो पाठवून विचारलं, ताई हा रायफलचा ॲल्युमिनियम स्टॉक घेऊ का, 90 हजार सांगतोय, मुलीच्या सरांना दाखवायला वेळ नाहीये आणि दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणतो. (स्टॉक किंवा चॅसिस म्हणजे रायफलचा तो सांगाडा, ज्यात बॅरल आणि बाकीची यंत्रणा बसते.) फोटो उघडला आणि माझं डोकंच फिरलं. तोच निळा स्टॉक, चीक पीसच्या, म्हणजे गाल टेकवायच्या भागाच्या, खाली तोच आडवा ओरखडा, मागे तीच हिरवी सतरंजी. आम्हाला हेच फोटो दाखवले होते, फक्त विकणाऱ्याचं नाव आता वेगळं आहे. म्हणजे हा माणूस अजून फिरतोय आणि अजून घरं शोधतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी वाचा.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मुलगा 50 मीटर थ्री पोझिशन खेळतो, पॉइंट टू टू रायफल, अँशुट्झ या जर्मन कंपनीची, 54 ॲक्शनवाली (ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर बसतात तो मधला भाग), त्याच्या स्वतःच्या लायसन्सवर. खरगोनच्या ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरनं हांगझोच्या एशियन गेम्समध्ये 2023 साली टीमची दोन गोल्ड आणली, मग पॅरिसला 2024 मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेनं याच इव्हेंटमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्याकडे रेंजवर पोरांची गर्दी चांगलीच वाढलीय. चांगलंच आहे. पण सामान सगळं बाहेरून येतं, नवीन घ्यायचं तर लाखांत जातं, त्यामुळे सेकंड हँडवर सगळ्यांचा डोळा असतो आणि नेमकी हीच गरज हे लोक हेरतात.

आमच्याकडे रायफल लाकडी स्टॉकची होती. लाकडी स्टॉक वाईट असतो असं अजिबात नाही, त्यावर मोठमोठी मेडल्स आलीत, हे आधी डोक्यातून काढा. पण थ्री पोझिशनमध्ये आधी नीलिंग (गुडघ्यावर), मग प्रोन (पालथं झोपून), मग स्टँडिंग, एकाच मॅचमध्ये तीन वेळा शरीराची ठेवण बदलते, तेव्हा बट प्लेट (खांद्याला टेकते ती), चीक पीस, हँड स्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) पटापट आणि मोजून हलवता आले पाहिजेत, ॲल्युमिनियमच्या चॅसिसवर ते आकडे पाहून करता येतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. सरही म्हणाले की मुलाची उंची वाढलीय, स्टॉकची लांबी कमी पडतेय, चांगला मिळाला तर बघा. मिळाला तर बघा, घाई करा असं नाही म्हणाले.

रेंजवरच्याच एकाकडून नंबर मिळाला. समोरचा माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू. दीदी, नॅशनल लेव्हल के शूटर का है, अब वो छोड़ रहा है, ओरिजिनल जर्मन, 7075 ॲल्युमिनियम, आँख बंद करके ले लो. 7075 म्हणजे ॲल्युमिनियमचा मजबूत प्रकार. 85 हजार सांगितले. मी म्हटलं आँख उघडी ठेवूनच घेणार, व्हिडिओ कॉलवर दाखवा. त्यानं दाखवला, सगळ्या बाजूंनी फिरवून, आतली खाच पण दाखवली, कटरच्या बारीक एकसारख्या रेघा दिसत होत्या, कंपनीचं नाव कोरलेलं दिसत होतं. मुलगा, मी, त्याचे बाबा तिघांनी बघितलं. तो माल खराच होता, हे मला आजही पटतं. घरी आला तो वेगळाच.

पैशाचं असं झालं की 25 हजार आधी द्या आणि बाकीचे पार्सल निघाल्यावर. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लगेगा, आपका ही बचा रहा हूँ. आणि यूपीआयवर जे नाव आलं ते त्याचं नव्हतंच, कुणा तिसऱ्याच बाईचं. विचारलं तर म्हणाला भाभी का अकाउंट है, मेरा लिमिट खतम हो गया. ही ओळ लक्षात ठेवा, भोपाळच्या बाईंनाही शब्दाला शब्द हीच सांगितलीय, फक्त भाभीच्या जागी सिस्टर आहे.

पार्सल आलं, उघडताना व्हिडिओ काढला, तो पुढे फार कामाला आला. रंग तोच निळा, आकार साधारण तोच, नाव कोरलेलं नाही, स्टिकर आहे. फोन केला तर म्हणे कोरलेलं जुनं मॉडेल, हे नवीन. ॲक्शन बसली, दोन्ही स्क्रू लागले, बाहेरून सगळं झकास.

मग मुलाचं शूटिंग बिघडायला लागलं. 50 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलीमीटरचं असतं, शर्टाच्या छोट्या बटणाएवढं, त्यामुळे रायफलमध्ये केसाएवढं काही हललं तरी टार्गेटवर लगेच कळतं. प्रोनमध्ये, जिथे हा पोरगा डोळे मिटून दहा मारायचा, तिथे गोळ्या वर-खाली पसरायला लागल्या, दहा, दहा, मग एकदम वर आठ, गालाचा दाब जरा बदलला की पुढची गोळी वेगळीकडे. दर सेशननंतर मागचा स्क्रू सैल मिळायचा. त्याला वाटलं ॲम्युनिशनची लॉट खराब, मग वाटलं आपलंच चुकतंय, रात्र रात्र ड्राय प्रॅक्टिस (गोळीविना सराव) करायचा. हे मी विसरू शकत नाही. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण पोराला स्वतःवर शंका यायला लागली त्याचा राग जास्त आहे. शेवटी सरांनी एकच गोष्ट केली, तीच ॲक्शन तीच बॅरल तीच लॉट, परत लाकडी स्टॉकमध्ये बसवली आणि रेस्टवर ठेवून मारायला लावलं. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा, लगेच आवळला. म्हणजे दोष कुणाचा ते तिथेच कळलं.

माझा मोठा भाऊ पिथमपूरला टूलरूममध्ये आहे, सगळं आयुष्य डायल आणि मायक्रोमीटरमध्ये गेलंय त्याचं. रविवारी तो घरी आला, बोल्ट काढून ठेवलेला, चेंबर रिकामा आहे हे मुलानं दोनदा दाखवलं, मग दादानं डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन) लावला. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही म्हणून त्यानं व्ही खाचेचा मॅग्नेटिक बेस बॅरलवर ठेवला आणि डायलची टोकदार पिन चॅसिसच्या पुढच्या भागाला टेकवली. काटा शून्यावर. मग मुलाला म्हणाला, आता मागचा स्क्रू हळूहळू सैल कर. दादाचं म्हणणं, बेडिंग, म्हणजे ॲक्शनची खाचेतली बैठक, चांगलं असेल तर काटा साधारण पाच शतांश मिलीमीटरच्या आत राहतो, म्हणजे डायलवर पाच घरं, जेमतेम हलल्यासारखं. आमचा काटा तीस घरांच्याही पुढे गेला. म्हणजे स्क्रू आवळले की ॲक्शन त्या खाचेत नीट बसत नव्हती, वाकून ओढली जात होती, आणि वाकलेली ॲक्शन प्रत्येक गोळीला वेगळं वागते.

मग त्यानं ॲक्शन काढली, तिच्या पोटाला निळी लावली, टूलरूमवाले वापरतात ती मार्किंगची निळी, अगदी पातळ, आणि पुन्हा बसवून उचलली. जिथे टेकलं तिथेच निळी उमटते ना. पुढे एक ठिपका, मागे उजवीकडे एक चट्टा, मधे कोरडं ठणठणीत. मग त्या चट्ट्यावर नख मारलं तर काळा रंग निघाला, रंगाखाली राखाडी पुट्टी, दोन भाग मळून लावतात तसली, आणि पुट्टी खरवडल्यावर खाली हँड ग्राइंडरच्या वेड्यावाकड्या खुणा. तेव्हा सगळा उलगडा झाला. ती चॅसिस मुळात दुसऱ्याच ॲक्शनची होती, ती मोठी लाँग रेंजची बोल्ट रायफल असते ना, रेमिंग्टन 700 पद्धतीची, तसल्या मापाची नक्कल. आपली 54 ॲक्शन तिच्यात बसत नाही, स्क्रूमधलं अंतर वेगळं, तळाचा आकार वेगळा. म्हणून कुणीतरी ग्राइंडरनं खाच उकरली, भोकं सरकवली आणि उरलेली पोकळी पुट्टीनं भरून वर काळा रंग मारला. पुट्टी स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबते, म्हणून स्क्रू सैल व्हायचा. त्यात आपला इंदूरचा मे महिना, गाडीच्या डिकीत रायफल केस कशी तापते ते सांगायला नको.

आणि 7075 तर सोडाच, ते बिलेटमधून, म्हणजे सलग ठोकळ्यातून, कापलेलंसुद्धा नव्हतं, ओतलेलं होतं. दादानं बट प्लेटच्या दांड्याखालचा कोपरा दाखवला, तिथे रंग टवका निघून आला होता आणि खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं भोकं. ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन बरंच असतं, त्यावर ॲनोडायझिंग (धातूच्याच पृष्ठभागावर तयार होणारा कठीण थर) एकसारखं चढत नाही, डागाळतं, म्हणून नकली मालावर पेंट किंवा पावडर कोटिंग मारतात. ॲनोडायझिंगचा कधी टवका निघत नाही, ओरखडा पडेल फक्त. हे नखानं, नाण्यानं दोन मिनिटांत कळतं, एखादी आतली न दिसणारी कडा बघा.

अजून एक, ही फार गंभीर. बरोबर दिलेला पुढचा स्क्रू लांब होता. आत जास्त घुसून बोल्टला घासत होता, बोल्टवर चमकणारी रेघ उमटली होती. दुसऱ्या चॅसिसचे स्क्रू कधीही तसेच लावू नका, लांबी मोजा, आणि किती आवळायचं ते कंपनीच्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनंच.

फोन केला तर आधी म्हणाला सेकंड हँड में इतना चलता है दीदी. मग म्हणाला ॲक्शन और बॅरल कुरियर कर दो, मैं फिटिंग करके भेजता हूँ, फ्री. इथे मात्र आई-बाबांनी कान उघडे ठेवा. लायसन्सवरची ॲक्शन आणि बॅरल म्हणजे शस्त्रच, 1959 च्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राचे भागही शस्त्रात धरलेत. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडे रीतसर पावतीनं देणं वेगळं आणि अशा कुणालाही कुरिअरनं पाठवणं वेगळं. ती वाटेत गेली किंवा त्यानं परतच दिली नाही तर लायसन्स मुलाचं, उत्तर मुलाला द्यावं लागणार, करिअर तिथेच संपलं. आमचे हे स्पष्ट नाही म्हणाले, त्यानंतर त्यानं नंबर बंद केला.

आता ज्यांना खरंच घ्यायचाय त्यांच्यासाठी, दादाशी आणि सरांशी बोलून जे पक्कं समजलं ते सांगते. चॅसिसचा रंग, नाव, किती नॉब आहेत हे सगळं नंतर, आधी ॲक्शन जिथे बसते ती खाच. विकणाऱ्याला सांगा की आमची ॲक्शन आम्ही घेऊन येतो किंवा तू रेंजवर ये, आमच्यासमोर बसवायची, निळी लावायची, डायल लावायचा, आणि मग पैसे. खरा शूटर असेल तर त्याला याचा राग येत नाही, तो उलट खूश होतो की समोरच्याला कळतं. व्हिडिओ कॉलवर मागायचंच असेल तर एका कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून तो कागद खाचेत ठेवायला सांगा, आणि माल हातात आल्यावर तेच ओरखडे जुळतात का बघा. सगळे नॉब, हँड स्टॉप, साइट्स लावून वजन करा, 50 मीटरच्या पुरुषांच्या रायफलला 8 किलोची मर्यादा आहे, इक्विपमेंट कंट्रोलला (सामानाच्या तपासणीत) अडकलात तर मॅचच्या दिवशी रडायची वेळ. आणि बिल. जीएसटी वाचवतो म्हणणारा तुमचे पैसे वाचवत नसतो, स्वतःचा माग पुसत असतो.

पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, त्याच तासात केला तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते, नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. आमच्याकडे सगळं उशिरा उघडकीला आलं कारण दोष बाहेरून दिसतच नव्हता, तरी तक्रार केली. पोलीस ठाण्यात आधी म्हणाले हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि दादानं लिहून दिलेला तपासणीचा कागद समोर ठेवला तेव्हा लिहून घेतलं. फसवणुकीचं जुनं 420 आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 मध्ये आहे, अर्जात तेच लिहा. आणि हाच धंदा करणारा असेल तर ग्राहक आयोगातही जाता येतं, 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या गावाला खेटे घालायची गरज नाही. आधी सल्ला हवा असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

भोपाळच्या बाईंनी पैसे दिले नाहीत, उलट त्याच्या नव्या नंबरचे आणि त्या 'सिस्टर'च्या खात्याचे स्क्रीनशॉट मला पाठवले, ते मी कालच तपास अधिकाऱ्यांकडे जोडून आलेय. अजून कुणाला हा निळा स्टॉक आणि हिरव्या सतरंजीचा फोटो आला असेल, मग तो ग्वाल्हेरला असो, बडोद्याला असो की पुण्याला, त्याला काही बोलू नका, ब्लॉक करू नका, नंबर आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट काढून तुमच्या जवळच्या ठाण्यात द्या आणि मलाही कळवा. चॅसिस आम्ही पुट्टीसकट तशीच ठेवलीय, दादानं हात लावू दिलेला नाही, पुढच्या तारखेला ती घेऊन जायचंय.